फुकटची बोट

मंडळी, गेल्या दोन-तीन महिन्यांत मला एकच प्रश्न तिघांनी विचारला. ठाण्याच्या नणंदेने, कल्याणच्या भाचेसुनेने आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरच्या एका काकांनी. प्रश्न असा, "आम्हाला क्रूझवर जायचंय. कुठलं क्रेडिट कार्ड घेतलं म्हणजे पॉइंटांवर फुकट जाता येईल?"

आता हा प्रश्न मलाच का? आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, पण नातेवाइकांत माझी ख्याती मात्र 'हिशोबवाली' अशीच आहे. कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या जागेत दुधापासून विम्यापर्यंतची बेरीज लिहायची सवय आहे, त्याचा हा परिणाम. असो.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं नाही वाचलं तरी चालेल. क्रूझ आवडणाऱ्या आपल्यासारख्या पेन्शनर माणसांनी कार्ड निवडताना पॉइंट सगळ्यात शेवटी बघावेत. आधी बघायचं ते हे: बोट कुठून सुटते, पैसे कुठल्या चलनात जाणार, आणि आगाऊ भरलेले पैसे बुडायची पाळी आली तर दाद मागता येईल का. पॉइंट हे भाजीवाल्याने वर टाकलेल्या कोथिंबिरीसारखे. मिळाले तर छान, पण कोथिंबिरीसाठी कोणी दोन किलो भेंडी घेत नाही.

आता जरा विस्ताराने.

आमच्या पिढीला 'क्रूझ' हा शब्दच नवा. आम्ही 'बोट' म्हणायचो, आणि बोट म्हटलं की पहिलं आठवायचं ते 'बोट लागणं'. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली कोकण बोट हर्णै, दाभोळ, जयगड करत रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला आणि पुढे पणजीपर्यंत जायची. बऱ्याच बंदरांत बोट लांब उभी राहायची आणि छोट्या होडीतून, पोरं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या यांच्यासकट उतरावं लागायचं. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती आठवण कित्येक घरांत पुढची तीस-चाळीस वर्षं दबक्या आवाजात सांगितली जात होती. ऐंशीच्या दशकात ही प्रवासी बोट बंद पडली, १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि बोट विस्मरणात गेली.

मग त्याच समुद्रावर मौजेच्या बोटी आल्या. २००५ च्या सुमारास 'सुपरस्टार लिब्रा' मुंबईहून निघायची. २०१६ च्या अखेरीस इटलीच्या कोस्टा कंपनीची बोट मुंबईहून सुरू झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या नावाची 'आंग्रिया' मुंबई-गोवा सुरू झाली. एप्रिल २०१९ मध्ये 'जलेश' कंपनीची 'कर्णिका' आली. आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाची 'एम्प्रेस'. ही १९९० साली बांधलेली, पूर्वी रॉयल कॅरिबियन कंपनीची असलेली बोट. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरला नवीन आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटनही झालं. इतिहासाची शिक्षिका म्हणून एवढं सांगितल्याशिवाय राहवत नाही, की आपलं कल्याण हे पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये नोंद असलेलं बंदर आहे, आणि शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतल्यावर याच खाडीत गलबतं बांधायला घेतली. तेव्हा डोंबिवली-कल्याणच्या माणसाला बोटीचं आकर्षण वाटलं तर त्यात नवल काहीच नाही.

पण वरची यादी पुन्हा एकदा वाचा. यातल्या किती बोटी टिकल्या? लिब्रा गेली, कोस्टा गेली, आंग्रिया थांबली, आणि जलेश कंपनी तर दीड वर्षात, ऑक्टोबर २०२० मध्ये, गाशा गुंडाळून मोकळी झाली. हा धंदाच असा आहे. बोट महाग, इंधन महाग, पावसाळ्यात अडचण, त्यात साथीसारखं संकट आलं की संपलंच. आणि क्रूझचे पैसे आपण भरतो ते मात्र तीन-चार महिने, कधी वर्षभर आधी.

म्हणून कार्डाचा पहिला आणि खरा फायदा हा, की आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डाने भरली आणि पुढे सेवाच मिळाली नाही, तर बँकेकडे तो व्यवहार विवादित म्हणून लेखी कळवता येतो. पावती, रद्द झाल्याचा निरोप, सगळे कागद जोडून मुदतीच्या आत तक्रार केली तर बँक ती समोरच्याच्या बँकेकडे नेते. पैसे मिळतीलच अशी हमी कोणी देत नाही, पण एक दार तरी उघडं राहतं. रोख किंवा चेक दिला असेल तर कंपनीच्या बंद शटरसमोर उभं राहण्यापलीकडे फारसं काही हाती उरत नाही. मला विचाराल तर कार्डाने भाडं भरण्याचं हे एकच कारण पुरेसं आहे. हजार पॉइंटांपेक्षा हे मोठं.

आता त्या 'ट्रॅव्हल कार्डां'कडे येऊ. जाहिरातीत हटकून विमान असतं, खिडकीतून ढग दिसत असतात आणि एक तरुण जोडपं विमानतळाच्या लाउंजमध्ये कॉफी पीत असतं. या कार्डांचे मोठे फायदे कोणते? विमानतळावरचं लाउंज, विमान कंपनीचे माइल्स, हॉटेलात सवलत. आता मुंबई-गोवा क्रूझला निघालेली डोंबिवलीची माणसं डोळ्यांसमोर आणा. दुपारच्या कमी गर्दीच्या फास्ट लोकलने सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर. यात लाउंज कुठे बसतं? राहायचं-खायचं बोटीवरच, म्हणजे हॉटेलची सवलतही गेली. जे फायदे आपण वापरणारच नाही त्यांची वर्षाची फी भरायची, म्हणजे पोहता येत नसताना तरणतलावाचं सभासदत्व घेण्यासारखं आहे. शिवाय लाउंजही आता पूर्वीसारखं सहज नाही. २०२४ पासून बऱ्याच बँकांनी 'आधीच्या तिमाहीत अमुक हजार खर्च केला असेल तरच' अशी अट घातली आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. 'प्रवासावर पाचपट पॉइंट' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. पण बँकेच्या लेखी प्रवास म्हणजे काय, हे दुकानदाराच्या वर्गवारीवरून ठरतं. प्रत्येक व्यापाऱ्याला एक चार आकडी संकेतांक असतो. क्रूझ कंपन्यांचा ४४११, प्रवास एजन्सीचा ४७२२, विमान कंपन्यांचे वेगळे. पाचपट पॉइंट कधी फक्त विमान आणि हॉटेलला असतात, तेही बँकेच्याच संकेतस्थळावरून आरक्षण केलं तर. आपण गल्लीतल्या एजंटाकडून बोटीचं तिकीट काढलं तर साधे पॉइंट. काही एजंट कार्डाने पैसे देणाऱ्याकडून दोन टक्के वरती मागतात, ते वेगळंच. दोन टक्के देऊन अर्धा टक्का मिळवायचा, हा कुठला व्यवहार?

बरं, आता कालनिर्णयाची मागची बाजू. आकडे समजण्यापुरते घेते आहे, आपापल्या कार्डाचे आपण घालून बघावेत.

समजा एका कार्डाची वर्षाची फी २,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५० रुपये. हे कार्ड शंभर रुपयांना दोन पॉइंट देतं आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे. म्हणजे शंभराला पन्नास पैसे, अर्धा टक्का. नुसती फी वसूल व्हायला वर्षाला ५,९०,००० रुपये खर्च करायला हवेत. महिन्याला जवळपास पन्नास हजार!

आता आपल्यासारख्या दोघांच्या घरात कार्डावर जाणारा खर्च किती? दूध, भाजी, कामवाल्या बाई, इस्त्रीवाला, सोसायटीचं मेंटेनन्स, यातलं काहीच कार्डावर जात नाही. वीजबिल आणि विम्याचा हप्ता कार्डाने भरला तरी बऱ्याच कार्डांवर त्याला पॉइंट नसतात किंवा अगदी कमी असतात. उरला किराणा, औषधं, कपडालत्ता आणि वर्षाकाठी एखादी सहल. सढळ हाताने धरलं तरी महिना २५,००० रुपये, म्हणजे वर्षाचे तीन लाख. त्यावर अर्ध्या टक्क्याने १,५०० रुपये मिळतील आणि फी जाईल २,९५०. म्हणजे 'फुकट' क्रूझसाठी आपण दर वर्षी १,४५० रुपये खिशातून घालतो आहोत.

त्याऐवजी फी नसलेलं, सरळ एक टक्का पैसे परत देणारं साधं कार्ड घेतलं तर त्याच तीन लाखांवर ३,००० रुपये मिळतील. त्याला ना तक्ता बघावा लागतो, ना मुदत. मुलींना मी शाळेत सांगायची, की गणितात चकचकीत वहीला गुण नसतात, उत्तराला असतात. कार्डाचंही तेच.

परदेशी क्रूझचं गणित आणखी वेगळं. आपल्याकडचे बरेच जण सिंगापूरहून पेनांग-फुकेतकडे जाणाऱ्या बोटीने जातात. मुलं-नातवंडं अमेरिकेत असली तर अलास्का किंवा कॅरिबियनलाही. या बोटींवर रोख चालत नाही. चढताना केबिनचं जे कार्ड देतात तेच दाखवून सगळा खर्च खात्यावर मांडला जातो, आणि ते खातं आपल्या क्रेडिट कार्डाला जोडलेलं असतं. कॉफी, वायफाय, किनाऱ्यावरची सहल, आणि शिवाय माणशी रोजची टिप हिशोबात आपोआप चढते. हे सगळं डॉलरमध्ये. इथे पॉइंटांपेक्षा महत्त्वाचा आहे तो परकीय चलनावरचा बँकेचा वाढीव आकार. बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो आणि त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. एक लाख रुपयांचा खर्च झाला तर ३,५०० अधिक ६३०, म्हणजे ४,१३० रुपये नुसते चलन बदलल्याचे. दोन टक्क्यांच्या कार्डावर हेच २,३६० होतात, आणि हा आकार अजिबात न लावणारी कार्डंही आता मिळतात. एका लाखावर एक टक्का दराने पॉइंट मिळाले तरी हजार रुपयेच. हजार मिळवायला चार हजार द्यायचे, हे आमच्या नणंदेच्या लक्षात आलं तेव्हा ती पाच मिनिटं गप्प बसली होती. तिच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे!

याच ओघात चार सूचना सांगते. एक, २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशातला वापर आधी बंदच असतो. निघण्यापूर्वी तो चालू करून घ्या आणि मर्यादाही ठरवा. दोन, यंत्रावर 'रुपयांत की स्थानिक चलनात' असं विचारलं तर स्थानिक चलन निवडा. रुपये म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, पण दर त्यांचा लागतो, आणि काही बँका त्यावरही शुल्क घेतात. तीन, बोटीवर डेबिट कार्ड देऊ नका. बोटवाले खर्चापोटी काही रक्कम अडवून ठेवतात, ती डेबिट कार्डावर आपल्या बचत खात्यातलीच अडकते. चार, परदेशी सहलीच्या पॅकेजवर जो टीसीएस घेतात तो कार्डाने भरला काय आणि चेकने भरला काय, लागायचा तो लागतोच. मात्र तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवता येतो. बरेच ज्येष्ठ लोक 'आता आपल्याला कुठे कर आहे' म्हणून विवरणपत्रच भरत नाहीत आणि हे पैसे सोडून देतात.

आता पॉइंट साठवण्याबद्दल. साठवणं हा आपल्या पिढीचा स्वभावच आहे. डबे, दोऱ्या, पिशव्या, तसे पॉइंटही. पण पॉइंट म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. त्यावर व्याज नाही, उलट त्याची किंमत देणारा केव्हाही कमी करू शकतो. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. ज्यांनी वर्षानुवर्षं तिचे माइल्स जमवले होते त्यांच्या हातात माइल्स उरले, पण ज्या विमानासाठी जमवले ते विमानच उरलं नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. तिचे पॉइंट नव्या योजनेत गेले हे खरं, पण तिच्या नावाची कार्डं घेऊन बसलेल्यांचे बेत बदललेच. तेव्हा पॉइंट हे पिकल्या केळ्यासारखे समजावेत, वर्षाच्या आत वापरून टाकावेत.

अमेरिकेतल्या भाच्याने मला एक लांबलचक निरोप पाठवला होता. तिकडे रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, प्रिन्सेस अशा कंपन्यांच्या नावाची कार्डं असतात, पॉइंट बोटीवरच खर्चता येतात, आणि नवीन कार्ड घेताना भरघोस बोनस मिळतो. त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. पण तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा उतरत नाही. तिकडे थकलेल्या रकमेवर वर्षाला साधारण वीस-बावीस टक्के व्याज पडतं. आपल्याकडे महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला बेचाळीस, आणि त्यावर जीएसटी. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. म्हणजे व्याजाला ती वेस आता उरलेली नाही.

हे व्याज कसं चढतं ते बघा. लाखाचं बिल आलं आणि आपण 'किमान देय' म्हणून पाच हजार भरले, तर उरलेल्या ९५,००० वर महिन्याला ३,३२५ रुपये व्याज आणि सुमारे ६०० रुपये कर. एका महिन्यात चार हजारांच्या घरात! शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. आपल्या मुदत ठेवीवर वर्षभरात शेकडा सात-आठ रुपये मिळतात, आणि इकडे दोन महिन्यांत तेवढे जातात.

मग कार्ड नकोच का? तसं मुळीच नाही. आमच्या लहानपणी वाण्याची वही असायची. महिनाभर सामान आणायचं, वाणी वहीत मांडायचा, आणि पगार झाला की पहिल्या-दुसऱ्या तारखेला पूर्ण हिशोब मिटवायचा. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे, कारण ते कर्ज नव्हतं, ती पत होती. क्रेडिट कार्ड म्हणजे तीच वही. वीसपासून पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत मिळते. बिल तयार होण्याची तारीख ५ असेल तर ६ तारखेला भरलेलं बोटीचं भाडं पुढच्या महिन्याच्या शेवटी द्यायचं. पण वहीचा नियम तोच, पूर्ण मिटवायची. बँकेला सांगून पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल अशी सोय करून ठेवायची, म्हणजे तारीख विसरायला नको. आणि बोटीचे पैसे आधी ठेवीत जमलेले असतील तरच कार्ड पुढे करायचं. ऋण काढून सण करू नये, हे सणाला लागू तसंच सहलीलाही.

बायकांसाठी एक वेगळा मुद्दा, माझ्या जिव्हाळ्याचा. आमच्या वयाच्या बहुतेक बायकांकडे जे कार्ड असतं ते नवऱ्याच्या कार्डाचं जोडकार्ड. नाव आपलं छापलेलं असतं, पण खातं त्यांचं. मुख्य कार्ड बंद झालं की जोडकार्डही बंद. म्हणजे ज्या वेळी बाईला बाहेर पडण्याची, चार दिवस कुठेतरी जाऊन येण्याची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं तेव्हा तिच्या पाकिटातलं कार्ड निरुपयोगी होतं. ओळखीतल्या दोघींचं असं झालेलं मी पाहिलं आहे. साठी-पासष्टीनंतर उत्पन्नाचा दाखला आणि वयाची अट यामुळे नवीन कार्ड सहजी मिळत नाही. पण स्वतःच्या नावावर मुदत ठेव असेल तर तिच्या तारणावर बऱ्याच बँका कार्ड देतात. ठेवीवरचं व्याज चालूच राहतं आणि कार्डाची मर्यादा ठेवीपुरतीच असल्याने हातही आवरता राहतो. डोंबिवली नागरी १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. आपल्या भागातल्या कितीतरी घरांच्या पहिल्या ठेवी असल्या सहकारी बँकांत झाल्या. त्या ठेवी कोणाच्या नावावर आहेत हे एकदा कपाट उघडून बघा. माझ्या मते प्रत्येक बाईकडे, पेन्शन असो वा नसो, स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या ठेवीवरचं एक छोटंसं कार्ड असावं. त्यावर एकही पॉइंट मिळाला नाही तरी चालेल.

आणि नको झालेलं कार्ड बंद करायला घाबरू नका. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, बाकी नसेल तर सांगितल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायला हवं. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. न मागता कार्ड गळ्यात मारणंही त्याच नियमांनी मना केलं आहे.

एक धोक्याची सूचना राहिली. 'तुमचे ९,८५० रुपयांचे पॉइंट आज रात्री संपत आहेत, ही लिंक दाबा' असा निरोप आला तर तो भामटाच समजा. पॉइंट संपले तर संपू देत. खात्यातले पैसे वाचतील. बँकांची संकेतस्थळं आता 'डॉट बँक डॉट इन' अशा शेवटाची झाली आहेत, तेवढं बघत चला. आणि फसलाच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवा.

आता सगळ्यात अवघड भाग, तो हिशोबात बसत नाही. तिघांच्याही प्रश्नात 'फुकट' हा शब्द का होता, याचा मी बराच विचार केला. तिघांचीही परिस्थिती दोन-तीन दिवसांच्या क्रूझला जाण्याइतकी बरी आहे. पैशाची अडचण नाहीच. आमच्या पिढीला स्वतःच्या मौजेवर पैसे खर्च करताना कसंसंच होतं, ही खरी अडचण. मुलांच्या फिया भरल्या, लग्नं केली, नातवाला लॅपटॉप घेतला, तेव्हा हात आखडला नाही. पण स्वतःसाठी बोटीचं तिकीट म्हटलं की 'कशाला ते?' असं आपसूक तोंडात येतं. मग कोणी म्हणालं की पॉइंटांवर फुकट आहे, तर मनाला परवानगी मिळते. कार्ड विकणाऱ्यांना आपली ही नस बरोबर सापडली आहे. ते आपल्याला सहल विकतच नाहीत, 'मी उधळपट्टी केली नाही' हे समाधान विकतात, आणि त्याची वर्षाची फी घेतात.

माझं म्हणणं एवढंच, की ही परवानगी बँकेकडून घ्यायची गरज नाही. पस्तीस-चाळीस वर्षं पहाटे उठून डबे भरले, आठ वाजून अमुक मिनिटांची लोकल पकडली, प्रॉव्हिडंट फंड कापून घेतला. ते पॉइंट आधीच जमलेले आहेत. क्रूझला जायचं असेल तर ठेवीतून पैसे बाजूला काढा, तब्येतीचं डॉक्टरांना विचारा, वयाला लागू होणारा प्रवासविमा घ्या, आणि सरळ पूर्ण किमतीचं तिकीट काढा. नसेल जायचं तर केवळ पॉइंट संपताहेत म्हणून जाऊ नका.

भाचेसुनेला मी याच मापाने उत्तर दिलं. मुंबई-गोवाच करायची असेल तर फी नसलेलं, पैसे परत देणारं साधं कार्ड. सिंगापूरला जायचं असेल तर चलनाचा आकार न लावणारं किंवा कमी लावणारं. वर्षातून चार वेळा विमानाने जाणारी माणसं असाल तरच ते लाउंजवालं, आणि तेही फीचं गणित कागदावर मांडून. तिने फी नसलेलं घेतलं आहे आणि दिवाळीनंतरची बोट ठरवली आहे. सासूबाईंचंही तिकीट काढलंय. सासूबाई, म्हणजे माझी वहिनी, "मला बोट लागते" म्हणून अडून बसल्या आहेत. त्यांची समजूत काढायचं काम माझ्याकडे आलं आहे.

ज्यांनी अलीकडे क्रूझ केली असेल त्यांनी आपला बोटीवरचा खरा खर्च किती झाला आणि कुठल्या कार्डावर किती जादा आकार लागला ते जरूर कळवा. नातेवाइकांनी फोनवर सांगितलं तरी चालेल, पण दुपारी दोन ते चार सोडून!